खो द्यावा, खो घालू नये

(वेळापूर, जि. सोलापूर येथे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



वार्षिक परीक्षा आटोपतात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल हाती येतात आणि जूनच्या मध्याला शाळेची घंटा पुन्हा वाजेपर्यंत सुमारे दीड महिन्याचा मोकळा काळ मुलांपुढे पसरतो. मुलांना या दिवसांची वर्षभर ओढ असते. पालकांच्या मनात मात्र याच दिवसांत एक प्रश्न घर करून बसतो, 'आता या मुलांचे करायचे काय?' प्रश्न विचारण्याच्या या पद्धतीतूनच आपल्या विचारांची दिशा कळते. जणू मुले ही दीड महिन्यासाठी घरावर आलेली एक अडचण आहे आणि तिचा बंदोबस्त करावयाचा आहे! मुलांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. 'आता काय काय करता येईल?' असे ती विचारत असतात. पालकांनी आपला प्रश्न सोडून मुलांचा प्रश्न हाती घेतला, तर सुट्टीचे बरेचसे कोडे सुटते.

तीन तयार उत्तरे

आजच्या पालकासमोर या प्रश्नाची तीन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर शिबिराचे. व्यक्तिमत्त्व विकास, इंग्रजी संभाषण, अबॅकस, चित्रकला, वक्तृत्व अशा वर्गांचे फलक एप्रिलमध्येच चौकाचौकांत लागतात. दुसरे उत्तर शिकवणीचे. नववीचा पेपर संपला, की दहावीचा वर्ग सुरू. दहावी संपली, की अकरावीच्या पुढच्या प्रवेशपरीक्षांची तयारी सुरू. सुट्टी हा शब्द या घरांत केवळ दिनदर्शिकेवर उरतो. तिसरे उत्तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शांत, ते म्हणजे मोबाइल. मूल एका कोपऱ्यात बसते, काही मागत नाही, कुणाशी भांडत नाही. दुपारची झोप मोडत नाही, म्हणून मोठ्यांनाही ते सोयीचे वाटते.

शिबिरे वाईट नव्हेत. चांगल्या शिबिरात मूल घराबाहेर राहायला शिकते, अनोळखी मुलांशी त्याची मैत्री होते, एखादी कला त्याच्या हाताला लागते. परंतु सकाळी पोहणे, दहाला चित्रकला, दुपारी संगणक, सायंकाळी वक्तृत्व अशा क्रमाने दिवसाचा प्रत्येक तास मोठ्यांनीच भरून टाकला, तर ती शाळाच झाली. फक्त गणवेश नाही, एवढाच फरक. मोबाइलविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे, की दोन वर्षांखालील बालकांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासापलीकडे जाऊ नये. मोठ्या मुलांच्या बाबतीत तासांचा हिशेब घराघराने ठरवावा. पण त्याहून महत्त्वाचा एक हिशेब आहे. मोबाइलमध्ये गेलेल्या त्या दुपारी मुलाने काय केले असते, काय मोडले असते, काय जोडले असते, कुणाशी भांडून पुन्हा गट्टी केली असती, हे सारे त्या दुपारबरोबर बुडते.

या तिन्ही उत्तरांत एक दोष समान आहे. तिन्ही ठिकाणी मुलाच्या वेळेचा मालक दुसराच कुणीतरी असतो.

सुट्टीचा सदुपयोग: एक जुनी परंपरा

सुट्टी म्हणजे रिकामपण, ही समजूत महाराष्ट्राची कधीच नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती ऐन उन्हाळ्यात. ज्या दिवसांत व्यवहाराची गती मंदावते, त्या दिवसांत समाजाने चार विचार ऐकावेत, ही त्यामागची दृष्टी. दीडशे वर्षे ती परंपरा चालू आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढले, तेव्हा मराठी मुलांच्या हाती त्यांचे असे हक्काचे वाचन आले. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत 'लिटल थिएटर' उभे केले आणि मुलांसाठी मुलांच्या मनाचे नाटक रंगमंचावर आणले. पुढे मे महिना हा बालनाट्यांचा हंगामच ठरला. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाचे शिक्षण गावोगावच्या तरुणांपर्यंत नेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली.

या साऱ्या धडपडीमागे मूल गुंतवून ठेवावे हा हेतू नव्हता. मुलाला काहीतरी द्यावे आणि पुढचे त्याच्यावर सोपवावे, ही वृत्ती त्यामागे होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी 'कुरणशाळा' चालवली. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या कुरणात न्यावी, इतका साधा तो विचार होता. मूल जिथे आहे, तिथे आपण जावे. त्याचे जे चालले आहे, ते न मोडता त्यात चार गोष्टींची भर घालावी. सुट्टीचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक पालकाने ही कुरणशाळा डोळ्यांसमोर ठेवावी.

वेळापूरचे मैदान काय सांगते?

दूरची उदाहरणे कशाला? या गावाने जगाला दाखवलेले उदाहरण ताजे आहे. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत भारताच्या पुरुष संघाने नेपाळवर ५४–३६ असा, तर महिला संघाने नेपाळवरच ७८–४० असा विजय मिळवला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे आणि विजेत्या पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप! ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, तो खेळ एकशे अकरा वर्षांनी विश्वचषकापर्यंत पोहोचला, आणि त्या वाटेवर माळशिरस तालुक्यातील या गावाची मुद्रा उमटली.

यावरून सर्वांनी आपली मुले विश्वचषकासाठी तयार करावीत, असा अर्थ कुणी काढू नये. हजारांत एखादा तिथवर पोहोचतो. उरलेल्यांना काय मिळते, हा खरा प्रश्न. खो-खोला काय लागते? दोन खांब, चुन्याच्या चार रेघा आणि मोकळी जमीन. गणवेश नसला तरी चालते, बूट नसले तरी चालते. श्रीमंताच्या मुलाला येथे एक पाऊलही अधिक मिळत नाही. पण मैदान मात्र लागते, आणि रोज सायंकाळी तिथे येणारा एखादा जाणता माणूस लागतो. ज्या गावात या दोन गोष्टी टिकल्या, त्या गावाची मुले सुट्टीत काय करतील, ही चिंता अर्धी मिटली.

या खेळाकडे जरा निरखून पाहावे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात, पण धावतो एकच. आठ जण बसलेले असतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. खो मिळेपर्यंत उठायचे नाही, हा नियम. पण हे बसणे रिकामे बसणे नव्हे. डोळे धावणाऱ्यावर, कान मागच्या पावलांवर आणि पाय उठण्याच्या तयारीत. सुट्टीतील मुलाच्या 'रिकाम्या' वेळेचे असेच आहे. ओसरीवर आढ्याकडे पाहत पडलेले मूल 'कंटाळा आला' म्हणते, तेव्हा पालक घाबरतात आणि ताबडतोब काहीतरी हातात देतात. त्या कंटाळ्याला थोडा वेळ द्यावा. त्यातूनच मूल उठते आणि जुन्या खोक्याची गाडी करते, चिंचोके फोडून पट मांडते, शेजारच्या मुलाला हाक मारते. उठण्याची वेळ त्याची त्याला कळते.

आणि खो देणाऱ्याचा नियम तर पालकांसाठीच असावा असा आहे. खो पाठीमागून द्यायचा, आणि दिल्यावर त्याच्या जागी आपण बसायचे. खो दिल्यावरही आपणच धावत राहिलो, तर ती चूक धरली जाते. पालकांनी सुट्टीत नेमके हेच करावे. एक वस्तू द्यावी, एक ओळख करून द्यावी, एक प्रश्न टाकावा आणि मग बसावे. मूल धावेल. आपण मात्र बहुधा उलट करतो. मराठीत 'खो देणे' आणि 'खो घालणे' हे दोन वाक्प्रयोग आहेत. पहिल्याने खेळ पुढे सरकतो, दुसऱ्याने काम अडते. मूल चित्र काढू लागले, की 'झाडाचा रंग असा नसतो' म्हणून सांगणे, खेळाचे भांडण सुरू होताच मध्ये पडून निवाडा देणे, पतंग स्वतःच करून देणे, हे सारे प्रेमापोटी घातलेले खो आहेत.

कोणते खो द्यावेत?

मग द्यायचे काय, हा प्रश्न योग्य आहे. वेळापूर आणि परिसरातील पालकाला त्यासाठी पैसा फारसा लागणार नाही. आपल्या आसपास काय आहे, याची जाण मात्र लागेल.

गावातले अर्धनारीनटेश्वराचे मंदिर मुले जन्मापासून पाहतात, पण त्यातील किती जणांनी ते वाचले आहे? येथील मराठी शिलालेख यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातील, म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. मुलांना एक वही द्यावी आणि सांगावे, की मंदिराच्या खांबांवर, भिंतींवर जे दिसेल ते रेखाटून आणा, शिलालेखातील ओळखू येणारी अक्षरे शोधा. दगडाला हात न लावता, खडू न फासता. आठ दिवसांनी मुलांना अशा गोष्टी दिसलेल्या असतील, ज्या मोठ्यांनी आयुष्यभर पाहिल्या नाहीत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. अंगणात एक सरळ काठी रोवून रोज त्या वेळी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगावे. सावली कशी आखडत जाते आणि एके दिवशी कशी नाहीशी होते, हे मूल स्वतः पाहील. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीला असा दिवस कधीच येत नाही. हे पुस्तकात वाचलेले मूल विसरेल. काठी रोवलेले मूल विसरणार नाही.

हाताने वस्तू करण्याची ओढ प्रत्येक मुलाला असते. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे आणि रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांच्या खेळण्यांत महत्त्वाची गोष्ट ही, की खेळणे मोडले तरी रडायचे कारण नाही. ते कशामुळे चालत होते, हे तेव्हाच कळते. घरातले एक खोके मुलांच्या नावाने करून त्यात दोऱ्या, झाकणे, पुठ्ठे, तारा, जुने घड्याळ टाकावे. त्या खोक्यातले काही फेकायचे नाही आणि त्यातून काय झाले, हे मुलांनी दाखवल्याशिवाय विचारायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

वाचनाचे तसेच. फुरसुंगीचा फास्टर फेणे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना दिला. त्याला भेटायला सुट्टीइतका चांगला काळ नाही. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक महाजालावर विनामूल्य खुले आहेत. मोबाइल हातात द्यायचाच असेल, तर दुपारचा अर्धा तास या कामी द्यावा. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तेथील लोकांनी आपल्या घरांच्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. आपल्या आळीतल्या एका घराने एक ओसरी उघडली आणि पाच घरांनी पन्नास पुस्तके आणून ठेवली, तर तेवढ्या आळीपुरते भिलार झाले.

आणि सर्वांत मोठे पुस्तक घरातच बसलेले असते. साठी-सत्तरीच्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. कोरड्या विहिरी, रोजगार हमीच्या कामावर फोडलेली खडी, वाटलेली सुकडी, विकावी लागलेली जनावरे. या जिल्ह्यात असे घर विरळा, जिथे ही कहाणी नाही. नातवंडांनी रोज एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे. पाणी कुठून आणायचा? शाळा चालू होती का? सणाला काय केले? या वह्या जपून ठेवाव्यात. आजीला ऐकणारे मिळेल, नातवाला घराचा इतिहास मिळेल आणि आज नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची हिरवी शेते पाहणाऱ्या मुलाला पाण्याच्या थेंबाची किंमतही कळेल.

अर्धी सुट्टी कुणाची?

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळावे लागेल. एकाच घरात दोन मुले असतात आणि सुट्टी मात्र एकालाच मिळते. मुलगा सकाळी मैदानावर जातो, दुपारी झोपतो, सायंकाळी पुन्हा बाहेर. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, भांडी घासते, पाणी भरते. उन्हाळ्याचे पापड, कुरडया, सांडगे यांत तिचा मे महिना जातो. घरकामात वाईट काही नाही. कुरडईचा चीक शिजवणे, गव्हाचा अंदाज घेणे, उन्हाची वेळ साधणे हे उत्तम शिक्षण आहे. पण ते शिक्षण असेल, तर मुलालाही मिळावे. आणि मैदान हा आनंद असेल, तर मुलीलाही मिळावा. ज्या खेळात भारताच्या मुलींनी जगज्जेतेपद मिळवले, त्या खेळाच्या मैदानावर सायंकाळी आपल्या आळीतल्या किती मुली दिसतात, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

दहावीची परीक्षा दिलेल्या मुलीची सुट्टी तर अधिक नाजूक असते. लग्नसराई चालू असते, 'चांगले स्थळ आले आहे' असा निरोप येतो आणि निकालाआधीच तिच्या शिक्षणाचा निकाल लागतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास प्रशासनाला बालविवाहांबाबत डोळ्यांत तेल घालून राहावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक देशभर आहे. पण शेजारी, नातलग, शिक्षक यांनी वेळीच घरी जाऊन दोन शब्द सांगितले, तर क्रमांक फिरवण्याची वेळ येत नाही. ज्या गावाचे दैवत शिव आणि पार्वती यांचे एकरूप आहे, त्या गावात घरच्या लेकीला अर्धी सुट्टी देणे शोभत नाही.

अशीच अर्धी सुट्टी आणखी काही मुलांच्या वाट्याला येते. ऊसतोडणीच्या हंगामात आई-वडिलांमागे फडावर फिरलेली, वीटभट्टीवर राहिलेली मुले उन्हाळ्यात परत जातात, तेव्हा त्यांची शाळा मागे पडलेली असते. त्यांना खेळाबरोबर अक्षरांचीही उजळणी हवी असते. कॉलेजात जाणाऱ्या चार तरुणांनी रोज एक तास दिला, तर ते काम कुणाच्याही परवानगीशिवाय उभे राहते.

पाण्याची भीती नको, तयारी हवी

उन्हाळा आणि पाणी हा विषय टाळून सुट्टीची चर्चा पूर्ण होत नाही. दरवर्षी मे महिन्यात विहीर, कालवा, नदी, शेततळे यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. दुर्घटना घडली, की आपण मुलांना पाण्याकडे जाण्यास बंदी करतो. चाळीस अंशांच्या उन्हात ही बंदी पाळली जात नाही. मुले चोरून जातात, आणि चोरून गेलेल्या मुलाबरोबर कुणी मोठे नसते.

पूर्वी गावात पोहायला शिकवण्याची एक रीत होती. पाठीला वाळलेला भोपळा किंवा हवाबंद डबा बांधायचा, काका किंवा मामा आधी पाण्यात उतरायचे आणि मग मूल. आठ-दहा दिवसांत डबा सुटायचा. ती रीत पुन्हा सुरू करावी. पट्टीच्या पोहणाऱ्या दोघा-तिघांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या विहिरीवर मुले-मुली दोघांनाही शिकवावे. शेततळ्यांबाबत विशेष सावध राहिले पाहिजे. त्यांच्या काठाला प्लास्टिकचे अस्तर असते. ओले झाल्यावर ते इतके निसरडे होते, की पोहता येणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. ज्यांच्या शेतात असे तळे आहे, त्यांनी कुंपण घालावे आणि चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर व हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवाव्यात. खर्च किरकोळ आहे. पण त्या दोराला एखाद्या दिवशी कुणाचे तरी मूल धरून वर येईल. आणि प्रत्येक मुलाला एक गोष्ट घोकून पाठ करून द्यावी: मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही, काठी, दोर, ओढणी फेकायची आणि मोठ्याने हाक मारायची.

मोठ्यांनीही धावावे

शेवटी एक गोष्ट मोठ्यांच्या सुट्टीविषयी. मुलांना दिवसाचे चोवीस तास पालक नको असतात, पण पालकांचा एक तास त्यांना हवा असतो. त्या तासात मोबाइल, दूरदर्शन, हिशेबाची वही यांपैकी काही नको. रात्री गच्चीवर किंवा अंगणात आडवे होऊन तारे पाहावेत, गोष्ट सांगावी, सारीपाट किंवा सागरगोटे मांडावेत. वडिलांना विटीदांडू येतो, हे मुलाला कळणे ही मुलाच्या दृष्टीने फार मोठी बातमी असते.

वेळापूरकरांना हे सांगावे लागू नये. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी या गावी मुक्कामाला येते. त्या वाटेवरच्या टेकडीवरून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. त्याची आठवण म्हणून वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर आजही वारकरी धावा करतात. पांढऱ्या केसांची माणसे, नऊवारीतल्या आजीबाई, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउली, सारे मुलांसारखे उतारावरून धावत सुटतात. कुणी कुणाला वय विचारत नाही. वर्षातून एकदा ज्या गावाच्या शिवेवर म्हातारी माणसे मुले होतात, त्या गावाच्या पालकांनी मे महिन्यात एक तास मुलांबरोबर धावायला लाजू नये.

तेव्हा या सुट्टीपुरते चार गोष्टींचे पथ्य पाळावे. दिवसातला निम्मा वेळ मुलांचा आहे, असे घरात उघड सांगावे आणि तो शब्द मोडू नये. आपल्या आळीजवळचे एक मैदान सायंकाळी मुला-मुलींसाठी मोकळे राहील, तिथे वाहने लागणार नाहीत, मंडप पडणार नाहीत आणि एक जाणता माणूस रोज हजर असेल, याची व्यवस्था पाच घरांनी मिळून करावी. पोहणे शिकवण्याचे काम चोरटेपणावर न सोडता गावाने अंगावर घ्यावे. आणि दहावी झालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन 'पुढे काय शिकणार, बाळ?' एवढे तरी विचारून यावे.

जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा गुरुजी मुलांना विचारतील, 'सुट्टीत काय केले?' एरवी या प्रश्नावर वर्ग गप्प होतो किंवा 'मामाच्या गावाला गेलो' यापुढे गाडी सरकत नाही. यंदा कुणी सावली मोजल्याचे सांगेल, कुणी आजीचा दुष्काळ सांगेल, कुणी मैदानावर आपण बाद कसे झालो ते हात हलवत सांगेल. मागच्या बाकावरची एखादी मुलगी उभी राहून म्हणेल, 'मला पोहता येते.'

खो आपल्या हातात आहे. तो वेळेवर द्यावा आणि मग निवांत बसून खेळ पाहावा.